उतारावरील वस्तीची पुनर्रचना

‘पुनर्वसन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुन्हा वसणे’ एवढाच होय. कोठे वसावयाचे, हे तो शब्द सांगत नाही. व्यवहारात मात्र त्यास ‘दुसरीकडे हलविणे’ असा अर्थ चिकटला आहे. सोलापूरकरांस हा अर्थ स्वाभाविक वाटेल. कुंभारीच्या मोकळ्या माळावर २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पुढे तेथेच रे नगर वसाहतीतील १५,०२४ घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या स्वाधीन झाली. सपाट भूमीवर प्रथम रस्ते आखावे व मग घरे बांधावी, हा क्रम सोयीचा असतो.

डोंगरउतारावर हा क्रम चालत नाही. मुंबईत घाटकोपरच्या आझाद नगरात १२ जुलै २००० रोजी दरड कोसळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पावसाचे पाणी मुरले की मातीचा भार वाढतो आणि तिच्या कणांची परस्परांवरील पकड सैल होते. घरासाठी उताराचा पायथा कापला असल्यास वरच्या मातीचा आधारही नाहीसा होतो. सांडपाण्यास वाट नसेल, तर हा धोका बारमाही राहतो.

म्हणून अशा वस्तीच्या आराखड्यात पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. माथ्यावरच आडवे चर खणून पाणी बाजूस वळवावयाचे व पक्क्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गटारांतून खाली उतरवावयाचे. दुसरा विचार माती धरून ठेवणाऱ्या भिंतींचा. त्यांत पाणी निसटण्यासाठी छिद्रे नसतील, तर मागे साचलेले पाणीच भिंत ढकलते. तिसरा विचार वाटांचा: गाडीरस्ता समोच्च रेषेने जावा, पायऱ्यांनी उतार छेदावा. घराचा विचार ह्यानंतरचा. खालच्या घराची गच्ची वरच्या घराचे अंगण होऊ शकते. माळवदावर धान्य वाळविणाऱ्यांस ही कल्पना परकी वाटणार नाही.

कोलंबियातील मेदेयिन शहराने डोंगरावरील वस्त्यांस २००४ मध्ये तारेवरील पाळण्यांनी मेट्रो रेल्वेशी जोडले, आणि २०११ मध्ये एका वस्तीत सरकते जिने बसविले. रहिवासी जागचे न हलता शहराशी जोडले गेले.

पुण्यातील येरवड्याची भूमी अशी उताराची नव्हे. परंतु २००५ मध्ये आरंभ झालेल्या केंद्रीय नागरी योजनेखाली तेथे मोडकी घरे मूळ जागीच सुमारे २७० चौरस फुटांची बांधण्यात आली, आणि शेजार व रोजगार टिकला. जेथे दरडीचा धोका खरोखर टळत नाही तेथून माणसे हलविलीच पाहिजेत. मात्र तीही कामाच्या ठिकाणापासून दूर नव्हे. उर्वरितांच्या बाबतीत ‘पुनर्वसन’ ह्या शब्दास त्याचा मूळ अर्थ परत देणे, हेच अशा रचनेचे प्रयोजन होय.