तळ्याकाठच्या घराचे रूप

पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा. सह्याद्रीच्या कुशीतील या जलाशयांच्या काठी पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांनी हौसेने लहानशी घरे बांधली आहेत. बांधताना देखणी दिसणारी ही घरे चार-पाच पावसाळ्यांतच केविलवाणी होतात. भिंतींवर शेवाळाची काळी पुटे चढतात, रंगाचे पोपडे निघतात, फाटक गंजते. दिवाळीनंतर रंगारी बोलावला जातो आणि पुढच्या गणपतीपर्यंत भिंत पुन्हा काळवंडते. रंग बदलून पाहिला, कंपनी बदलून पाहिली, तरी फरक पडत नाही. याचे कारण असे, की अशा घराचे रूप रंगाच्या डब्यापेक्षा पाण्यावर अवलंबून असते. छपरावर कोसळणारे पाणी आणि समोर पसरलेले पाणी, या दोहोंशी घराचे नाते कसे आहे, हे आधी पाहायला हवे.

छप्पर आणि जोते

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर तो तिरपा होऊन भिंतीवर आपटतो. सपाट गच्ची आणि वीतभर सज्जा असलेले शहरी धाटणीचे घर अशा पावसात उघडे पडते. घराचे बाह्यरूप सुधारायचे असेल, तर पहिला खर्च छपरावर करावा. गच्चीवर तीस अंशांच्या आसपास उतार असलेले कौलारू छप्पर घेता येते. ते भिंतीच्या बाहेर तीन-साडेतीन फूट आले, की भिंती बऱ्याच कोरड्या राहतात आणि घराला खोल सावलीची कडही लाभते. कौले वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेच्या ओळी तारेने बांधून घ्याव्यात.

पागोळ्यांचे पाणी जिथे पडते, तिथे माती उडून भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग लाल होतो. त्या रेषेवर खडी भरलेला उथळ चर काढला, तर हा त्रास थांबतो. जोत्याला काळ्या पाषाणाचे बांधकाम किंवा फरशी लावल्यास घर जमिनीतून उगवल्यासारखे दिसते. मावळात आणि कोकणात पावसाळ्यापूर्वी घराच्या वाऱ्याकडील बाजूला गवताचा किंवा झावळ्यांचा आडोसा बांधण्याची रीत होती. आज त्याच जागी बांबूचे पडदे किंवा उभ्या पट्ट्यांची लाकडी जाळी लावता येते. ती काढता-घालता येणारी असावी, म्हणजे हिवाळ्यात ओसरीवर ऊन येते.

हे सारे झाल्यावर रंगाकडे वळावे. ओल धरलेल्या भिंतीवर प्लास्टिकसारखा थर देणारा रंग लावला, तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि पोपडे निघतात. भिंत वाळू देणारा चुन्याचा हात अशा ठिकाणी अधिक टिकाऊ ठरतो. चुन्याचा गिलावा असेल तर उत्तमच.

घराला दोन दर्शनी बाजू

शहरातील बंगला रस्त्यावरून पाहिला जातो. तळ्याकाठचे घर पाण्यावरूनही दिसते आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंबही पडते. त्यामुळे झगझगीत पांढरा, निळा किंवा जांभळा रंग इथे दुप्पट डोळ्यांत खुपतो. मातकट पिवळा, गेरूचा तांबूस, पाषाणाचा करडा हे रंग डोंगरात मिसळून जातात. शिवाय हे जलाशय धरणांचे आहेत. सप्टेंबरात अंगणाशी येऊन टेकलेले पाणी मे महिन्यात दूर सरकते आणि चिखल-मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. घराची रंगसंगती या दोन्ही ऋतूंत शोभेल अशी निवडावी.

तो उघडा पट्टा भराव टाकून आपल्या बागेत ओढण्याचा मोह मात्र टाळावा. पूर्ण संचय पातळीच्या आतील जमीन सामान्यतः धरणासाठी संपादित केलेली असते. या पाण्याखाली कुणाची तरी शेते आहेत, याचेही भान असावे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह अशाच बुडणाऱ्या गावांसाठी होता. काठावर उरलेल्या गावकऱ्यांची गुरे आजही पाण्यावर येतात. त्यांच्या पायवाटेवर उंच भिंत घालण्याऐवजी कमरेइतका दगडी गडगा आणि त्यालगत करवंदीचे किंवा मेंदीचे कुंपण पुरेसे होते. दिसायलाही ते कितीतरी सुंदर.

बाग आणि दिवे

हिरवळीच्या गालिच्याला उन्हाळाभर पाणी आणि खत लागते. पावसात ते खत तळ्यात उतरते आणि शेवाळाला व जलपर्णीला पोसते. त्यापेक्षा उतारावर वाळा लावावा, तो माती धरून ठेवतो. काठाजवळ करंज आणि जांभूळ, अंगणात सोनचाफा किंवा अनंत, कुंपणाशी कुडा अशी झाडे फारशी देखभाल न मागता वाढतात. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर कर्दळ लावली, तर ते पाणी काही अंशी निवळते आणि कोपरा फुलांनी भरतो.

तळ्याकडे तोंड केलेले प्रखर दिवे काढून टाकावेत. पायऱ्यांपाशी गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली प्रकाश टाकणारे मंद पिवळे दिवे पुरतात. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात. काळोखाचे हे वैभव एका मोठ्या दिव्याने नाहीसे होते.

न दिसणारी बाजू

शेवटची दुरुस्ती कुणाच्या नजरेस पडणार नाही, पण सर्वांत महत्त्वाची तीच आहे. घराची मैलाटाकी आणि शोषखड्डा काठापासून किती दूर आहेत, टाकी गळत तर नाही ना, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते, पानशेतचे खडकवासल्यामार्गे पुण्याला. शनिवार-रविवारी आपण काठावर जे सोडतो, ते सोमवारी आपल्याच शहराच्या दिशेने वाहत असते. घराचा दर्शनी भाग कितीही सजवला, तरी समोरचे पाणी गढुळले तर त्या सजावटीला अर्थ उरत नाही. तळ्याकाठच्या घराचे खरे सौंदर्य समोरच्या तळ्यातच असते.