बालभाव आणि येशूवरील विश्वास

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत एक लहानसा प्रसंग आहे. लोक आपलीं मुलें येशूकडे आणूं लागले, तेव्हां शिष्यांनीं त्यांना दटाविलें. येशूला राग आला तो शिष्यांचा. मुलांना जवळ घेऊन त्यानें सांगितलें कीं, देवाचें राज्य बालकाप्रमाणेंच स्वीकारावें लागतें.

येथें मुलाचा कोणता गुण अभिप्रेत आहे? निरागसता, असें पुष्कळांस वाटतें. पण घरांत चार मुलें असलेल्या गृहस्थास ही निरागसता कितपत टिकते हें ठाऊकच असतें! लूकानें तर याच प्रसंगीं तान्ह्या अर्भकांस लावावयाचा ग्रीक शब्द योजिला आहे. तान्हें मूल कांहीं कमावून आणीत नाहीं. तें केवळ घेतें. पुण्याईचा हिशेब न मांडतां रिकाम्या हातांनीं घेणें, तोच हा विश्वास.

हा भाबडेपणा मात्र नव्हे. मार्काच्याच नवव्या अध्यायांतील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासांत बोलून दाखवितो. तरी येशू त्याला परतवीत नाहीं. मूलही आईवर रुसतें, पण रडत जातें तें तिच्याकडेच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं संतांच्या अभंगवाणींतच ख्रिस्ताला माउली म्हणून हांक मारिली. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला तेव्हां ते तेहतीस वर्षांचे, व्यासंगी गृहस्थ होते. त्या माउलीकडे जातांना त्यांना घर दुरावलें. पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्यें.