शब्दांचा पाडा



मागच्या अंकात वसतिगृहातील भाजीमळ्याविषयी लिहिले होते. या वेळी शनिवारच्या शब्दवर्गाविषयी लिहीत आहे. "मुलांना बायबल शिकवता की मराठी?" असे काही मंडळींतून विचारले गेले. दोन्ही थोडे थोडे शिकवतो. ते कसे व कशासाठी, हे या लेखात सांगतो.

या वर्गाची सुरुवात माझ्या एका चुकीतून झाली, म्हणून आधी ती सांगणे बरे. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहात येणारी मुले घरी भिली, पावरी, मावची अशा भाषा बोलतात. शाळेतील पुस्तकी मराठी त्यांना जवळजवळ परकीच असते. मराठी लवकर यावी म्हणून मी नियम केला होता की वसतिगृहात घरची भाषा बोलायची नाही. शिवाय रोज वीस शब्द अर्थांसह पाठ करायचे. सातवीतला एक मुलगा हे शब्द कधीच पाठ करत नसे. मी त्याला दोन वेळा सर्वांसमोर उभे केले. दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला तो परत आलाच नाही.

पंधरा दिवस वाट पाहून मी त्याच्या पाड्यावर गेलो. तो गुरांमागे गेला होता. डोंगरावर गाठला तेव्हा तो एक हरवलेली कालवड शोधत होता. मीही त्याच्यासोबत शोधू लागलो. खुरांच्या खुणा, मोडलेले गवत, ओले शेण पाहत तो पुढे जाई. मध्येच थांबून घंटेचा आवाज ऐके आणि कालवड कोणत्या नाल्यात उतरली असेल ते सांगे. वर्गात मान खाली घालणारा हाच का तो मुलगा, असे मला वाटले. दिवस मावळताना कालवड सापडली.

परतीच्या वाटेवर मला 'गवेषणा' हा शब्द आठवला. मी दिलेल्या वीस शब्दांच्या एका यादीत तो होता, अर्थ 'संशोधन'. त्याची फोड आहे गो अधिक एषणा. एषणा म्हणजे शोध. मुळात गवेषणा म्हणजे गाईचा शोध! ज्या शब्दासाठी मी या मुलाला उभे केले होते, तो शब्द तो लहानपणापासून जगत होता. अर्थ मला पाठ होता, त्याला माहीत होता. शंभरांतील एका हरवलेल्या मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त (लूक १५) मी कितीदा तरी सांगितला असेल. त्या संध्याकाळी तो मलाच ऐकावा लागला.

वर्ग कसा चालतो

आता दर शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक तास हा वर्ग असतो. भिंतीवर मोठा कागद लावतो आणि त्यावर एक पाडा काढतो. प्रत्येक मूळ धातू किंवा मूळ शब्द हे एक घर, आणि त्यातून निघालेले शब्द ही त्या घरातील माणसे. घरात कोण कोण राहते ते मुलांनी शोधून लिहायचे. शब्दकोश हाताशी असतो. सुरुवात मात्र मुलांच्या ओळखीच्या वस्तूपासूनच होते.

'गो' या घरात गोठा आला, गोरज आली, गवाक्ष आले (गाईच्या डोळ्यासारखी खिडकी) आणि गवेषणाही आली. मग मी विचारले, "गोष्ट कुठे राहते?" कुणालाच सांगता आले नाही. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधण्याची जागा. त्यावरून गोष्ठी म्हणजे चार माणसे जमून बोलणे, आणि गोष्ठीवरून आपली गोष्ट. गोठा आणि गोष्ट एकाच घरची निघाली. "गव्हाणही इथलीच!" असे एक मुलगी ओरडली. बरोबर होते. ज्याची गोष्ट आपण जगाला सांगतो, त्या बाळाला पहिल्यांदा गव्हाणीत ठेवले होते. नाताळाचा इतका सोपा पाठ मी त्याआधी कधी दिला नव्हता.

दुसरे घर 'वृत्' धातूचे. वृत् म्हणजे असणे, फिरणे, वळणे. या घरात वर्तुळ, वर्तन, वृत्त, आवृत्ती, निवृत्ती, परिवर्तन आणि वर्तमान. वर्तमान म्हणजे चालू काळ, तसेच बातमीही. म्हणून वर्तमानपत्र, आणि म्हणूनच शुभवर्तमान. ग्रीक भाषेतील मूळ शब्दही 'चांगली बातमी' असाच आहे. शुभवर्तमान आणि वर्तन एका घरात राहतात, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्यांनीही ते लक्षात ठेवलेले बरे.

तिसरे घर 'श्वस्' धातूचे. त्यात श्वास, निःश्वास, आश्वासन आणि विश्वास. निर्धास्तपणे श्वास घेता येणे, हे विश्वासाचे मूळ. इब्री भाषेत विश्वासाचे चित्र निराळे आहे. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी जो 'आमेन' म्हणतो, त्याच्या मुळाचा अर्थ पक्के, टिकाऊ असणे. विश्वासूपणासाठीचा 'एमूना' हा शब्द त्याच मुळाचा. मंदिराच्या दारखांबांसाठी आलेला एक शब्दही (२ राजे १८:१६) त्याच मुळाचा. मुलांनी स्वतःच्या घराचा मधला खांब आठवला, पावसाळ्यात वारा सुटला की सगळे ज्याच्याकडे पाहतात तो. श्वास आणि खांब अशी दोन चित्रे मिळाल्यावर विश्वास हा शब्द पाठ करावा लागला नाही.

एक सावधगिरी

शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, हेही मुलांना शिकवतो. धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना आमच्या शिक्षकांनी याची ताकीद दिली होती. जेम्स बार या विद्वानाने १९६१ मध्ये यावर एक पुस्तकच लिहिले. मुळावरून वाटेल तो अर्थ बायबलातील शब्दांवर लादू नये, हे त्याचे म्हणणे. शब्दाचा अर्थ वाक्यात पाहायचा असतो. यासाठी 'शिक्षा' हा शब्द चांगला. संस्कृतात व हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणे, शिक्षण. मराठीत मात्र तिचा अर्थ दंड. मुळावरून अर्थ काढणारा इथे हमखास फसेल. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात जो ग्रीक शब्द येतो, त्यातही वळण लावणे आणि शासन करणे असे दोन्ही भाव आहेत. कोणत्या वेळी कोणता, हे पुढच्या-मागच्या ओळींवरूनच कळते.

"मग सर, तुम्ही उभे करायचे ते शिक्षण की शिक्षा?" असे एकाने विचारले. सगळे हसले. मी खरे उत्तर दिले.

घरची भाषा

तो जुना नियम मी मोडला आहे. आता वर्गात पहिला प्रश्न हाच असतो, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" काही मुले आईला 'याहा' म्हणतात. तो शब्द फळ्यावर सर्वांत वर लिहिला जातो, त्याखाली आई, मग माता. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली, तरी मार्काने प्रभूच्या तोंडचे काही शब्द त्याच्या अरामी बोलीतच ठेवले आहेत. मेलेल्या मुलीला उठवताना 'तलीथा कूम', गेथशेमानेत प्रार्थना करताना 'अब्बा'. आणि ज्याला ऐकू येत नव्हते व नीट बोलताही येत नव्हते, त्या माणसाला 'इप्फाथा', म्हणजे मोकळा हो. प्रभूच्या घरच्या बोलीला पवित्र शास्त्रात जागा आहे, तर या लेकरांच्या बोलीला आमच्या भिंतीवर जागा का नसावी?

पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांना ते कळावे हा त्यांचा हेतू होता. आमचे काम त्यापुढे अगदीच लहान आहे, पण वाट तीच आहे.

सर्वच मुले ख्रिस्ती घरांतील नाहीत, हेही येथे स्पष्ट करतो. बायबलातील शब्द आम्ही उघडपणे सांगतो, कुणावर काही लादत नाही. विश्वासाच्या मुळाशी मोकळा श्वास असेल, तर दुसरे काही करणे त्या शब्दाशीच बेइमानी ठरेल.

पुढे

तो मुलगा परत आला. त्याचे श्रेय माझ्या समजावण्याला नाही, त्याच्या मामाच्या आग्रहाला आहे. यंदा तो दहावीला आहे. मराठीत त्याला किती गुण पडतील ते सांगता येत नाही. त्याचे शुद्धलेखन अजून कच्चे आहे. पण लहान मुलांना 'गो'चे घर तोच शिकवतो, आणि गवेषणा समजावताना खुरांच्या खुणांपासून सुरुवात करतो. ते मला कधीच जमले नसते.

आपल्या घरी जुने मराठी शब्दकोश धूळ खात पडले असतील तर ते आमच्याकडे जरूर पाठवा. पाने सुटली असली तरी चालतील, आम्ही चिकटवून घेऊ. आणि परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी प्रार्थना करा. जी अजून डोंगरावर आहेत, शाळेत परतलेली नाहीत, त्यांची आठवण विशेष करा. त्यांच्याकडे जाणारी वाट आम्हांला सापडावी.

प्रभूची कृपा आपणा सर्वांवर असो. आमेन.