खिडकीची उंची आणि अंगणातली माती

दिवाळीच्या सुट्टीत वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याच्या कुठल्याही गल्लीत शिरलं, तर दोन-चार घरांआड एक किल्ला उभा राहत असतो. रानातून पोत्यानं आणलेली माती, विटांचे तुकडे, चिखलात बुडवून पसरलेला गोणपाट, पायथ्याला पाणी साठवायला खणलेला खळगा. मोठी मुलं बुरूज रचतात. चार-पाच वर्षांची धाकटी पाणी आणून देतात, चिखल मळतात, अळीव पेरतात आणि ते उगवलं का हे तासातासाला जाऊन बघतात. चिखल पातळ झाला की बुरूज बसतो, घट्ट झाला की भेगाळतो, तलावाचं पाणी उताराच्या बाजूनं पळतं. हे त्यांना कुणी सांगत नाही, ते त्यांच्या हाताला कळतं. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पुस्तकांत बोटांच्या स्नायूंचा विकास, पूर्वगणन, निरीक्षण, एकत्र काम अशी जी प्रकरणं असतात, ती सगळी त्या चिखलात येऊन जातात.

सुट्टी संपल्यावर हीच धाकटी मुलं ज्या खोलीत जाऊन बसतात, ती खोली कशी असते? गुळगुळीत फरशी, भिंतीवर कार्टूनची चित्रं, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या किंवा अंथरलेली सतरंजी, आणि बंद दार. ही जागा कोणाच्या डोळ्यांनी पाहून बांधली, हे कळायला एक मोजपट्टी पुरते. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंटिमीटर. त्याचे डोळे जमिनीपासून 85 सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडे गवंडी खिडकीचा कठडा सवयीनं तीन फुटांवर, म्हणजे 90 सेंटिमीटरवर धरतो. त्यामुळे बालवाडीतल्या सगळ्यात लहान मुलाला खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसतो. रस्ता, झाड, जाणारी बैलगाडी, पाऊस पडल्यावर अंगणात साचणारं पाणी यांतलं काहीच दिसत नाही. एक खिडकी दीड फुटावर आणली, तिला उभे गज बसवले आणि मूल डोकं अडकवू शकणार नाही इतकं, म्हणजे 10 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर दोन गजांत ठेवलं, की खोलीतली हवाच बदलते. तोटी, दप्तराची खुंटी, आरसा, पुस्तकांची फळी, पायरीची उंची या सगळ्याचं असंच आहे. मूल मदतीशिवाय हात धुऊ शकतं की नाही, हे त्याच्या वयापेक्षा तोटी किती उंचावर आहे यावर जास्त अवलंबून असतं.

मारिया माँटेसरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, आणि पुढे खुर्ची-टेबलापासून कपाटापर्यंत सगळं मुलांच्या मापाचं करून घेतलं. पण खोली मुलाच्या मापाची झाली म्हणजे काम पुरं झालं असं नाही. जर्मनीत फ्रोबेलनं 1837 पासून जे काम उभं केलं, त्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा होता आणि शेजारी सगळ्यांचा मिळून एक. लंडनच्या डेप्टफर्ड भागात रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी 1914 मध्ये उघड्यावरची बालशाळा सुरू केली. तिथे बाग मुख्य होती आणि खोल्या म्हणजे बागेकडे उघडणाऱ्या पडव्या. कोंदट वस्तीतल्या आजारी मुलांना आधी हवा आणि ऊन हवं, मग अक्षरं, असा तो विचार होता.

आपल्याकडे हा विचार यापेक्षा पुढे गेला, आणि तो नेणाऱ्या दोन मराठी बायका होत्या.

ताराबाई मोडक (1892–1973) भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात त्या होत्या, आणि मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभं केलं होतं. शहरातलं बालशिक्षण त्यांच्या हाताखालून गेलं होतं. तरीही 1945 च्या डिसेंबरमध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्या सोबतीला आलेल्या अनुताई वाघ (1910–1992) पुढे आयुष्यभर या कामात राहिल्या. माँटेसरींची लाकडी साधनं महाग होती, खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून मोजण्याची, जुळवण्याची, लहान-मोठं लावण्याची साधनं तयार केली. तत्त्व परदेशी असेल, पण वस्तू मुलाच्या ओळखीची हवी, हा त्यांचा आग्रह होता.

मात्र बोर्डीतली खरी घटना वेगळीच आहे. गावातल्या बालवाडीत हरिजन वाड्यातली मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं, कुणाच्या आईबापांना त्या इमारतीत पाऊल ठेवायचाच संकोच. अशा वेळी ‘पालकांत जागृती नाही’ असा शेरा मारून मोकळं होता येतं. ताराबाईंनी मुलांऐवजी बालवाडीच हलवली. शिक्षिका वाड्यात जाऊ लागल्या, तिथल्याच अंगणात मुलांना गोळा करून हात-पाय धुणं, गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. आया कामं करता करता बघत होत्या, मुलांच्या कडेवरची भावंडं तिथेच रांगत होती. अंगणवाडी जन्मली ती अशी.

पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांत गेलं. तिथे गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत बसणार कशी हा प्रश्न आला, तेव्हा शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले. झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी ही तिथलीच कल्पना. मोठी बहीण शाळेत आली की कडेवरचं बाळ पाळणाघरात आणि मधला भाऊ बालवाडीत, म्हणजे तिघांचीही अडचण एकाच कुंपणात सुटते. जागेची रचना करणाऱ्याला यापेक्षा मोठा धडा मिळणार नाही. आधी मुलाचा दिवस बघायचा, तो कुठे जातो, कुणाला सांभाळतो, कुठे अडतो ते बघायचं आणि मग जागा ठरवायची.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज देशात सुमारे चौदा लाख आणि महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या घरात अंगणवाड्या आहेत. या पसरण्याचं मोल मी कमी करणार नाही. लसीकरण, पूरक आहार, वजन-उंचीची नोंद ही कामं अंगणवाडीताईंनी गल्लोगल्ली पोचवली आहेत, तीही तुटपुंज्या मानधनावर. पण वाटेत अंगण हरवलं. अंगणवाडीच्या इमारतीसाठी किमान 600 चौरस फूट बांधीव जागा, स्वयंपाकाची वेगळी खोली, कोठी, मुलांच्या मापाचं शौचालय आणि आत-बाहेर खेळायला जागा असा केंद्राचा निकष आहे. यातल्या भिंती, फरशी, दार-खिडक्या यांना अंदाजपत्रकात ओळी मिळतात. बाहेरच्या जागेला मिळालं तर कुंपण मिळतं. शहरात आणि आष्ट्यासारख्या नगरपरिषदेच्या गावात भाड्याची खोली घ्यावी लागली, तर बाहेरची जागा म्हणजे सरळ रस्ता.

कायद्यातही एक फट आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतल्या मुलांसाठी सरकारनं सोय करावी अशी अपेक्षा त्याच्या अकराव्या कलमात आहे, हक्क नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ही चांगली गोष्ट झाली. पण धोरणाच्या नावाखाली तिसऱ्या वर्षीच वही-पेन्सिल हातात आली, तर तो पाया कच्चाच राहील.

इमारतीलाच शिकण्याचं साधन बनवायची ‘बाला’ ही कल्पना महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांनी आणि अंगणवाड्यांनी बरीच उचलली. दिल्लीच्या विन्यास संस्थेच्या कबीर वाजपेयींनी ती मांडली. दार उघडतं तिथे फरशीवर कोनांच्या रेषा, खिडकीच्या जाळीत बोट फिरवायला वळणं, पंख्याच्या पात्यांवर रंग म्हणजे फिरताना चक्र दिसतं, खांबावर उंची मोजायची पट्टी. मूळ कल्पना सुंदर आहे, कारण तीत मूल काहीतरी करतं. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी तिची रंगरंगोटी झाली. बाराखडी, फळं, प्राणी, महापुरुष सगळे भिंतीवर चढले आणि मूल खाली बसून त्यांच्याकडे बघत राहिलं. आष्ट्याच्या मुलाला चित्रातलं सफरचंद आणि पेंग्विन दाखवायला भिंत खर्ची घालावी, आणि पलीकडच्या रानातली हळद, ऊस, भुईमूग, वेचायला आलेले बगळे त्याला मोजायला मिळू नयेत, याचं मला वाईट वाटतं.

मग आष्ट्यात काय करता येईल? कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात जमीन काळी, कसदार आणि बांधकामाला त्रासदायक. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून बालवाडीचं अंगण नुसतं मोकळं सोडून चालत नाही. पाणी एका बाजूला काढणारा उतार, वर मुरमाचा दाबलेला थर, एका कोपऱ्यात वाळू, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मुद्दाम राखलेली काळी माती, कारण बैल घडायचे ते तिचेच. बेंदराला इथल्या घराघरांत मातीचे बैल पुजले जातात. ते बाजारातून आणण्यापेक्षा चार वर्षांच्या हातांनी घडवले, तर शिंगं एक लांब आणि एक आखूड होतील, आणि तीच शिकण्याची खूण असेल. वाळूच्या खड्ड्यावर रात्री झाकण हवं, कुत्र्या-मांजरांमुळे. हा बारीक तपशील, पण तो विसरला की महिन्याभरात वाळू बंद होते.

मार्च ते मे इथलं ऊन अंगावर घेण्यासारखं नसतं. लोखंडी घसरगुंडी दहा वाजताच पोळते. पत्र्याच्या शेडपेक्षा कडुलिंब किंवा करंजाची सावली थंड. झाड मोठं होईपर्यंत मांडवावर वेल चढवता येतो. दाराबाहेर सहा-सात फूट रुंद पडवी आणि तिला बसता येईल असा ओटा असावा. जुन्या घरांतला सोपा हेच काम करायचा. मुलं आतही नाहीत आणि बाहेरही नाहीत, ऊन-पाऊस लागत नाही आणि सगळं दिसतं. सोडायला-न्यायला आलेली आजी त्या ओट्यावर बसली, तर गोष्ट सांगणारं एक माणूस आपोआप मिळतं.

कुंपणाला शोभेची म्हणून कण्हेर लावायची पद्धत आहे, तीही पिवळी आणि लाल दोन्ही. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. एरंडाच्या बियाही तशाच. बालवाडीच्या आवारात ही झाडं नकोत. त्याऐवजी जास्वंद, मेंदी, अडुळसा, गवती चहा लावावा, म्हणजे हात लागला, पान चुरगळलं, तोंडात गेलं तरी धास्ती नाही. उसाच्या फडालगत आवार असेल, तर कडेचा पट्टा स्वच्छ ठेवावाच लागतो. नाग आणि घोणस इथे नवलाचे नाहीत. मात्र या भीतीपोटी मुलांना कोंडणं हा उपाय नव्हे. गवत काढलेलं, दगडांचे ढीग नसलेलं, नजरेच्या टप्प्यातलं अंगण हा उपाय आहे.

खेळण्यांबद्दल इंग्लंडच्या सायमन निकोल्सननं 1971 मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. जागेत सुट्या, हलवता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. पक्की बसवलेली घसरगुंडी एकच गोष्ट करू देते. चिंचोके, सागरगोटे, नारळाच्या करवंट्या, मक्याची बिट्टं, जोंधळ्याच्या धाटांचे तुकडे, दोरी, जुने टायर, फळ्या, पाण्याची पिंपं आणि पेले रोज वेगळी गोष्ट होतात. धाटांची बैलगाडी करणारी माणसं आष्ट्याच्या आसपास अजून आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा बालवाडीत बोलावणं कोणत्याही खरेदीपेक्षा मोलाचं आहे. फक्त तीन वर्षांच्या आतल्या भावंडांपासून बारीक बिया दूर ठेवायला हव्यात.

जपानमध्ये तोक्योजवळ ताचिकावाला 2007 मध्ये ताकाहारू आणि युई तेझुका या वास्तुरचनाकार जोडप्यानं फुजी बालवाडी बांधली. लंबगोल इमारत, तिच्या छपरावर मुलांना गोल गोल धावायची जागा, छपरातून वर आलेली जुनी झाडं, आणि अंगणाकडची बाजू वर्षाचा बराच काळ उघडी. तिची छायाचित्रं जगभर गेली. आष्ट्यानं तसं छप्पर बांधावं असं नाही. मात्र पाचशेहून अधिक मुलांच्या शाळेत त्यांनी झाडं तोडली नाहीत आणि आत-बाहेरची भिंत टाळली, हे दोन निर्णय कुठल्याही अंदाजपत्रकात बसतात.

जागाच नाही, असं उत्तर येतं. पण राज्याच्या विकास नियमांनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. गावाच्या वाढत्या वसाहतींत असे तुकडे पडून असतात. कुठे झुडपं, कुठे कचरा, कुठे मंडळाचं साहित्य. सकाळचे चार तास ती जागा जवळच्या अंगणवाडीचं अंगण होऊ शकते. नगरपरिषदेनं सावली, पाणी आणि कुंपण दिलं, ताई आणि मदतनीस यांच्यासोबत वसाहतीतलं एखादं माणूस आलं, तर भाड्याच्या खोलीतल्या मुलांनाही आभाळ मिळेल. संध्याकाळी तिथे बाकीची मुलं खेळतीलच.

या भागात शिक्षणासाठी चाकोरी मोडल्याची उदाहरणं नवीन नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांचं ऐतवडे बुद्रुक याच वाळवा तालुक्यातलं. जवळच्या दुधगावला 1910 च्या सुमारास निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात ते होते, 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था उभी राहण्याच्या कितीतरी आधी. तिकडे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी 1980 च्या दशकात प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं आणि सर्व थरांतल्या मुलांना मराठीतून शिकवण्याचा आग्रह धरला. ही माणसं मुलाकडे गेली.

आष्ट्यात तसं जाण्याची जागा दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे तयार होते. कारंदवाडीला आणि तालुक्यात इतरत्र साखर कारखाने आहेत. हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या पडतात. सहाच्या पुढच्या मुलांसाठी गावाकडे हंगामी वसतिगृहांची सोय असते, पण तीन-चार वर्षांचं मूल मागं ठेवता येत नाही. ते आईबरोबर पहाटे फडात जातं, बांधावर झोळीतल्या बाळाला राखतं, किंवा कोपीपाशी मागं राहतं, ट्रॅक्टरच्या वाटेवर. गावातल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव बहुधा नसतं आणि तिथवर चालत जाणं त्याला झेपणारं नाही.

बोर्डीच्या वाड्यातला आणि कोसबाडच्या कुरणातला प्रश्न तो हाच. कोपीच्या तळावर इमारत लागत नाही. चार बांबू आणि उसाच्या पाचटाचा मांडव, ट्रॅक्टरच्या वाटेकडे बंद केलेली बाजू, एक पिंप पाणी, माती, एका पेटीत मावतील इतकी साधनं आणि चित्रांची पुस्तकं, बाळासाठी एक झोळी, आणि टोळीतलीच एखादी बाई जिला त्या कामाची मजुरी मिळेल, म्हणजे तिचा कोयता बंद राहिल्यानं घराचं नुकसान होणार नाही. टोळ्या कुठे उतरणार हे कारखान्याच्या शेती विभागाला आणि मुकादमांना हंगामाआधीच ठाऊक असतं. ती यादी मोळी टाकण्याआधी बालविकास प्रकल्प कार्यालयात पोचली, तर पहिल्या आठवड्यातच मांडव उभे राहतील आणि मुलांचं वजन, लस, खाऊ आणि खेळ हे सगळं तिथेच सुरू होईल.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत निघाल्या की मुलाच्या नोंदीचा कागद त्याच्या आईच्या हातात द्यावा आणि तिच्या गावच्या अंगणवाडीला कळवावं, म्हणजे उरलेले महिने तिथली ताई पुढे चालवील.