कुदळीला लागलेला महाल

गवालिया टँकच्या मैदानात आज पोरं क्रिकेट खेळतात. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री तिथंच 'चले जाव'चा ठराव झाला आणि पहाटे पोलिसांनी पुढाऱ्यांना अंथरुणातून उठवून बोरीबंदरला आणलं. खास गाडी तयारच होती. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं, काँग्रेस वर्किंग कमिटीची रवानगी मात्र थेट नगरच्या भुईकोटात!

भुईकोट म्हणजे निजामशाहीची गादी. चांदबीबीनं 1596 मध्ये अकबराच्या फौजेला इथूनच परतवलं. 1803 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि सुलतानांच्या जागी बोअर युद्धातले कैदी मुक्कामाला आले. मग जर्मन. मग नेहरू, पटेल, आझाद, कृपलानी, शंकरराव देव... एकूण बारा जण.

आता खरी गंमत. वेळ जावा म्हणून नेहरूंनी अंगणात बाग करायला घेतली. जमीन निकस, दगडगोट्यांची. खणता खणता कुदळीला जुन्या भिंती लागल्या, गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागले आणि एका भिंतीवर कोरलेलं सुरेख कमळही निघालं. राजवाडा तुरुंगाच्या पोटातच झोपला होता! फार खोल खणणं अर्थातच साहेबाला मानवणारं नव्हतं. कैद्यानं खणत जावं, हे कुठल्या जेलरला आवडेल?

या जेलरचंही बारसं झालं होतं. मौलाना आझादांनी त्याला 'चीताखान' करून टाकलं. का, तर चांदबीबीच्या काळातल्या इथल्या हबशी किल्लेदाराचं तेच नाव! मौलाना पहाटे उठून चमेलीचा चिनी चहा करत, तोही बिनदुधाचा. लालबागच्या कटिंगवाल्याशी त्यांचं जमणं अवघडच होतं. खोलीत घरटं बांधणाऱ्या चिमण्यांशी ते आधी भांडले, मग मैत्री केली. ते सगळं त्यांच्या 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आलं आहे. नेहरूंनी 1944 मध्ये पाचेक महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारभर पानं हातानं लिहून काढली, तीही इथंच.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा दादरहून निघताना ओळखपत्र खिशात टाका. पुण्यापासून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत. पुढाऱ्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. त्या बघून झाल्या की अंगणातही जरा रेंगाळा. कमळ तिथलंच.