तिळात कर्करोगाचंच जनुक असतं, तरी तीळ थांबतो

परीक्षेच्या अर्जावर ओळखखूण लिहायची वेळ आली की बहुतेकांना आधी आठवतो तो तीळ. डाव्या गालावरचा, मानेवरचा, उजव्या तळहातावरचा. तो तिथे का आला, याची उत्तरं घरोघरी तयार असतात. आईवर गेलाय, गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतं, उन्हात हिंडल्याने झालाय, नशिबाचा आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत जनुकशास्त्राने या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं आहे, ते यांपैकी कुठल्याच उत्तरात पुरतं बसत नाही. ते कळलं तर तिळाबद्दलची निष्कारण भीती जाते आणि जिथे खरंच सावध राहायला हवं तिथे लक्ष जातं.

"तीळ म्हणजे कातडीत रंग साठून पडलेला डाग"

तीळ हा पेशींचा पुंजका असतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. गर्भावस्थेत या पेशी मज्जासंस्थेच्या कडेच्या पेशीसमूहातून निघतात, प्रवास करत त्वचेपर्यंत येतात आणि बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात एकेकट्या, अंतर राखून वस्ती करतात. तिळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे अंतर मोडलेलं दिसतं. पेशी गोल घोळक्यांनी दाटलेल्या असतात. खोलवर जावं तसतसे घोळके लहान होतात, पेशीही लहान होत जातात आणि त्यांतला रंग कमी होतो. खाली जाताना पेशींनी असं लहान आणि शांत होत जाणं हे साध्या तिळाचं लक्षण आहे. तपासणारे पॅथॉलॉजिस्ट तेच आवर्जून शोधतात.

वांग यापेक्षा वेगळा. त्यात पेशींची गर्दी होत नाही, असलेल्या पेशी जास्त रंग तयार करतात. चामखीळ तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे, ती विषाणूमुळे होते. तिन्हींवर एकच घरगुती इलाज करणं म्हणूनच चुकीचं आहे.

"जनुकात बिघाड असेल तर तो कर्करोगच"

हा गैरसमज सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो अर्धा खरा आहे.

आपल्या सातव्या गुणसूत्रावर बीरॅफ नावाचं जनुक आहे. त्यापासून ७६६ अमिनो आम्लांची साखळी असलेलं प्रथिन बनतं. पेशीला बाहेरून वाढीचा निरोप आला की हे प्रथिन तो आत पोचवतं आणि काम झालं की गप्प बसतं. कधीतरी एखाद्या पेशीत या जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि साखळीतल्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं. एवढ्याने प्रथिनाचा आकार असा बदलतो की ते बंदच होत नाही. दाराच्या बेलचं बटण दाबलेलं असतानाच अडकावं आणि बाहेर कोणी नसताना बेल वाजत राहावी, तसं होतं. ती पेशी विभागू लागते, तिच्या पेशीही विभागतात.

२००२ मध्ये ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगात बीरॅफमधला बिघाड मोठ्या प्रमाणावर सापडतो. दुसऱ्याच वर्षी साधे, निरुपद्रवी तीळ तपासले गेले. त्यांतल्या दहांपैकी सुमारे आठांत नेमका हाच बदल सापडला! ज्या बदलाकडे कर्करोगाचं कारण म्हणून पाहिलं जात होतं, तो कोट्यवधी लोकांच्या गालावर आणि पाठीवर वर्षानुवर्षं मुकाट बसलेला होता.

मग तीळ वाढत का नाही? वाटाण्याहूनही लहान असतानाच तो थांबतो आणि पुढे कित्येक दशकं तसाच राहतो, हे कसं? २००५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत झालेल्या कामातून एक उत्तर पुढे आलं. वाढीचा निरोप सतत येऊ लागला की पेशीतली संरक्षक यंत्रणा जागी होते, पी-१६ नावाचं प्रथिन वाढतं आणि विभाजन थांबतं. मात्र ज्या कुटुंबांत पी-१६चं जनुक जन्मतःच सदोष असतं, त्यांच्या अंगावरचे तीळही बहुतांशी थांबतातच. म्हणजे पी-१६ हा एकटाच पहारेकरी नाही. २०२० मध्ये अर्व्हाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांतल्या तिळांची एकेक पेशी तपासून वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते तिळातल्या पेशी एकमेकींना आवरतात, ठरावीक गर्दी झाली की सगळ्या मिळून थांबतात. त्वचेच्या निरोगी पेशीही आपली संख्या अशाच रीतीने राखतात. हा वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तीळ म्हणजे अर्धवट राहिलेला कर्करोग नव्हे. बिघडलेल्या पेशीला शरीराने घातलेला तो यशस्वी आवर आहे, आणि तो आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो.

मेलॅनोमा व्हायला आणखी बिघाड लागतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ज्या गाठींना लागूनच जुना तीळ होता, अशा मेलॅनोमांचा क्रमवार अभ्यास केला. साध्या तिळाच्या भागात फक्त बीरॅफचा बदल होता. पुढच्या टप्प्यावर पेशीला अमर्याद विभागू देणाऱ्या टर्ट जनुकातला बदल दिसू लागला. पूर्ण पसरणाऱ्या गाठीत पी-१६चं जनुकही गेलेलं होतं. एका तिळात हे सगळं जुळून येणं फार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार चाळिशीच्या आतल्या माणसाच्या एखाद्या तिळाचा वर्षभरात मेलॅनोमा होण्याची शक्यता दोन लाखांत एकाहूनही कमी असते. शिवाय बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून होतच नाहीत, कोऱ्या त्वचेवर नव्याने उगवतात.

"गरोदरपणात आईचं काहीतरी चुकलं म्हणून बाळाच्या अंगावर लास आलं"

शंभरातल्या साधारण एका बाळाला जन्मतःच तीळ असतो. बहुतेकांचा लहानच असतो, पण वीसेक हजारांत एखाद्या बाळाची अर्धी पाठ किंवा मांडी काळ्या, केसाळ त्वचेने झाकलेली असते. अशा बाळाच्या आईला काय काय ऐकावं लागतं! ग्रहणात विळी हातात घेतलीस, डोहाळे पुरवले नाहीस, कोणाची तरी नजर लागली.

वस्तुस्थिती अशी आहे. गर्भ वाढत असताना, पहिल्या काही आठवड्यांत, रंगपेशी होऊ घातलेल्या एकाच पेशीत एक बदल होतो. मोठ्या जन्मजात तिळांत हा बदल बहुधा एनरॅस नावाच्या जनुकात असतो. हा बदल जितका लवकर घडतो, तितक्या जास्त त्वचेवर त्या पेशीची संतती पसरते. लंडनमधल्या संशोधकांना २०१३ मध्ये अशा मुलांच्या तिळांत आणि मेंदूतल्या संबंधित जागी तोच बदल सापडला, पण रक्तात किंवा शेजारच्या साध्या त्वचेत तो नव्हता. म्हणजे तो आईकडूनही आला नव्हता आणि बापाकडूनही. पेशी विभागताना अक्षर चुकलं, एवढंच. आईने काय खाल्लं, काय चिरलं, काय पाहिलं, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. अशा बाळासाठी करायचं ते एवढंच: त्वचारोगतज्ज्ञाकडे नियमित तपासणी, आणि जन्मतः एकाहून अधिक असे तीळ असतील तर पहिल्या वर्षात मेंदूच्या एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोलणं. ग्रहणाची चर्चा घराबाहेर ठेवा.

आपल्याकडच्या बाळांच्या कुल्ल्यावर किंवा कमरेवर निळसर चट्टा तर नेहमीच दिसतो. रंगपेशी खोल थरात राहून गेल्याने तो निळा दिसतो. बहुतेकांचा शाळेत जायच्या वयापर्यंत पुसट होतो.

"आईच्या गालावर आहे, म्हणून मुलीच्याही तिथेच आला"

तीळ पाडणारा बदल त्या एका पेशीत घडतो. तो बीजात नसतो, म्हणून पुढच्या पिढीत जात नाही. वारशाने येते ती तीळ पडण्याची प्रवृत्ती. जुळ्यांच्या अभ्यासांतून हे स्वच्छ दिसलं. एकबीज जुळ्यांच्या अंगावरच्या तिळांची संख्या जवळपास सारखी असते, द्विबीज जुळ्यांत ती बरीच कमी जुळते. नवव्या गुणसूत्राचा एक भाग आणि आयआरएफ-४ सारखी जनुकं ही संख्या ठरवण्यात भाग घेतात. पण तीळ नेमका कुठे पडणार, हे एकबीज जुळ्यांतही जुळत नाही. आई आणि मुलीचा तीळ एकाच जागी असेल तर तो योगायोग.

उन्हाचा वाटा आहे, पण लोक समजतात तसा सरळ नाही. अतिनील किरणांचा डीएनएवर जो ठरलेला ठसा उमटतो, तो बीरॅफच्या या बदलात दिसत नाही. तरीही लहानपणी ऊन जास्त लागलेल्या गोऱ्या मुलांना तीळ जास्त पडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची मुलं याचं ठळक उदाहरण आहेत. उन्हाने आधीच बिघडलेल्या पेशीला वाढायला बळ मिळत असावं, असं मानलं जातं.

तिळावर केस उगवले की काही जण घाबरतात आणि काही जण त्याला भाग्याचं लक्षण मानतात. दोन्ही सोडून द्यावं. २०२३ मध्ये दिसून आलं की तिळातल्या थांबलेल्या पेशी ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या केसांच्या मुळातल्या मूळपेशी जागत्या राहतात. केस आले याचा अर्थ कर्करोग नाही. ते कापले तरी चालतात.

"काळ्या-सावळ्या माणसाला मेलॅनोमा होत नाही"

आपल्याकडे मेलॅनोमा कमी होतो हे खरं. भारतात त्याचं वार्षिक प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला तो असाच होता. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. या जातीच्या मेलॅनोमाचा उन्हाशी संबंध नाही आणि त्यात बीरॅफचा बदलही कमी आढळतो. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवरचा काळा डाग काटा मोडल्याचा किंवा रक्त साकळल्याचा समजून महिनोन्महिने राहून जातो. तळपायाच्या त्वचेवर बारीक रेषा असतात. डर्मोस्कोप या त्वचा पाहायच्या भिंगातून पाहिलं तर साध्या तिळाचा रंग सहसा त्या रेषांच्या खाचांत भरलेला दिसतो. मेलॅनोमात तो उंचवट्यांवर दिसतो. तपासणी दोन मिनिटांची असते आणि ती दुखत नाही.

"तिळाला सुई लावली की कर्करोग होतो"

खरचटल्याने, खाजवल्याने किंवा बायोप्सीने तिळातली जनुकं बदलत नाहीत. उलट घात होतो तो चुना-सोडा, बिब्बा लावून किंवा केस बांधून तीळ पाडण्याने. जत्रेत, रस्त्याच्या कडेला रसायन लावून तीळ जाळून देणारे बसतात. जाळलेल्या तिळाचं काही तपासता येत नाही, आणि तो साधा नसेल तर खाली उरलेल्या पेशी वाढत राहतात.

तीळ दोन बाजूंनी सारखा दिसेनासा झाला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच डागात दोन-तीन रंग दिसू लागले, सहा मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा काही महिन्यांत बदलला, रक्त येऊ लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नखात काळी रेघ उमटून रुंद होत असेल तरीही दाखवा. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय उजेडात धरून पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही पाहा. शंकास्पद तीळ काढायचाच झाला तर पूर्ण काढून घ्या आणि तो पॅथॉलॉजीला पाठवल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.