औषधाची बाटली का हलवायची?

लहान मुलांना तापात दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या काही पातळ औषधांवर ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी’ अशी सूचना असते. ती पाळली नाही, तर सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी आणि शेवटच्या चमच्यांत प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका असतो. कारण या द्रवात औषध साखरेसारखे विरघळलेले नसते; त्याचे बारीक कण केवळ तरंगत ठेवलेले असतात. अशा मिश्रणाला निलंबन म्हणतात.

कण किती वेगाने खाली बसतील, याचे गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडले. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. पाण्याच्या १.३ पट घनतेचा, १० मायक्रॉन व्यासाचा कण साध्या पाण्यात मिनिटाला सुमारे एक मिलिमीटर उतरतो. दहा सेंटिमीटर उंच बाटलीचा तळ तो पावणेदोन तासांत गाठेल. एक मायक्रॉनच्या कणाला आठवडा लागेल. हा वेग आणखी मंदावण्यासाठी द्रवात झँथन गमसारखा डिंक घालतात. त्यामुळे द्रव स्थिर असताना दाट राहतो आणि हलवला की पातळ होतो.

मग कण अतिसूक्ष्मच का करू नयेत? मायकेल फॅरडे यांनी १८५० च्या दशकात बनवलेले सोन्याच्या कणांचे तांबूस द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेले आहेत. पण औषधाचे अतिसूक्ष्म कण द्रवात किंचित विरघळतात आणि ते द्रव्य मोठ्या कणांवर जाऊन साचते.

खरी मेख पुढेच आहे. सर्व कणांवर सारखाच विद्युतभार असला, तर ते एकमेकांना दूर लोटतात, सुटे राहतात आणि सावकाश बसतात. ऐकायला हे उत्तम वाटते. परंतु असे एकेकटे तळाशी पोहोचलेले कण मधल्या फटी भरत घट्ट रचले जातात आणि कालांतराने त्यांची टणक वडी बनते. मग बाटली कितीही हलवली, तरी औषध तळालाच राहते. म्हणून प्रयोगशाळेत अल्प प्रमाणात क्षार घालून या विद्युतभाराचा प्रभाव मुद्दाम कमी केला जातो. कणांचे कापसासारखे सैल पुंजके बनतात. ते लवकर बसतात, वरचा द्रव नितळ दिसतो (नवख्याला औषध बिघडल्यासारखेच वाटेल), पण थोडे हलवताच सारे पुन्हा एकजीव होते.

याची तपासणी साधी असते. मोजपात्रात निलंबन भरून ठेवतात आणि गाळाने मूळ उंचीचा किती भाग व्यापला, ते पाहतात. गाळ जितका फुगीर, तितका चांगला. त्यानंतर पात्र उलटसुलट करून, कितव्या वेळी तळ मोकळा झाला, याची नोंद केली जाते.